ओठ न मिटणारा शब्द

बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघावं, असं सगळे सांगतात. ओठबाई मात्र ओठांकडे बघायच्या. दुकानदार भाव सांगत असो की शेजारीण गाऱ्हाणं सांगत असो, यांची नजर खाली घसरून त्याच्या तोंडावर खिळलेली. एकदा दातांच्या डॉक्टरांनी बोलता बोलता मध्येच थांबून आरशात स्वतःचेच दात तपासले होते. 'ओठबाई' हे नाव त्यांना डबिंग स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टने दिलं, आणि ते असं चिकटलं की दारावरची पाटी सोडली तर त्यांचं खरं नाव कुठे उरलं नव्हतं.

परक्या भाषांतल्या मालिका मराठीत आणायच्या, हे त्यांचं काम. अर्थ काय, कुणीही सांगेल. अडचण असते ती ओठांची. प, ब, भ, म आणि नीट उच्चारला तर फ, एवढ्या अक्षरांना माणसाचे ओठ मिटतात. पडद्यावरच्या माणसाने ज्या क्षणी ओठ मिटले त्या क्षणी मराठी वाक्यात यातलं एखादं अक्षर यायला हवं. नाहीतर काय चुकलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून बाई आवाज बंद करून एकच प्रसंग पुन्हा पुन्हा बघायच्या, स्वतःशी पुटपुटायच्या, वाक्य कापायच्या, जोडायच्या. पात्र पाठमोरं असलं की त्यांना हायसं वाटायचं, आणि जाड मिशीवाला आला की जीव भांड्यात पडायचा. मिशीखाली ओठ दिसत नाहीत. तिथे काहीही घातलं तरी खपून जातं.

"देवाने सगळ्यांनाच मिशा द्यायला हव्या होत्या," त्या म्हणायच्या.

"मग तुमचं पोट कशावर भरलं असतं, बाई?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणायचा.

दिवसभर शब्दांशी झटापट करून त्या घरी यायच्या तेव्हा घरात एक शब्द नसायचा. लग्न करायचं राहून गेलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे काचेच्या सरकत्या दाराची बाल्कनी. आई गेल्यावर तर कुलूप उघडल्याचा आवाज हेच त्या घरातलं संध्याकाळचं संभाषण. मग धाकट्या बहिणीची मुलगी कॉलेजसाठी राहायला आली आणि घरात शब्दांचा पसारा झाला. भाची चपला काढता काढता बोलायला सुरुवात करायची. "मावशी, आज माझा असला पोपट झाला ना, मी डेड." "मावशी, ही भाजी म्हणजे विषयच नाही." "मावशी, लोड नको घेऊस गं, चिल." न्हाणीघरातून बोलायची, तोंडात घास असताना बोलायची, एका हाताने फोनवर टाइप करत दुसऱ्याच विषयावर बोलायची. बाईंना यातलं निम्मं कळायचं नाही, पण त्या स्टुडिओतून पूर्वीपेक्षा लवकर निघू लागल्या होत्या. रेकॉर्डिस्टच्या ते लक्षात आलं होतं.

भाचीचं लिखाण मात्र बाईंच्या डोक्याला ताप होता. भाषेच्या पेपरसाठी 'माझी गल्ली' असा निबंध लिहायचा होता, तो प्राध्यापकांनी परत पाठवला. शेरा मारला होता, 'हा निबंध आहे की गप्पा?' बाई लाल पेन घेऊन बसल्या. 'गल्ली म्हणजे गल्ली नाहीच, एक फील आहे.' खोडलं. 'खड्डे? आहेत. लहानपण? तेही त्यातच.' खोडलं. 'समोरचे काका म्हणजे वेगळाच सीन.' खोडलं. पुढे एक वाक्य होतं, 'आमच्या गल्लीतले दिवे संध्याकाळी एकदम लागत नाहीत, एकेक करून ऑनलाइन येतात.' तेही खोडलं आणि पेन थांबलं. बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. खिडकीतून खाली बघितलं. मग खोडलेल्या ओळीखाली छोटी टिंबं दिली. म्हणजे असू दे, राहू दे.

"हे ठेवलंस?" भाचीने विचारलं.

"ते तू बघितलेलं आहेस. बाकीचं नुसतं टाइप केलेलं आहे."

"अरे देवा. मावशी, तू पण ना, एकदम सॅव्हेज."

हे कौतुक आहे की शिवी, हे बाईंनी विचारलं नाही.

त्याच सुमाराला शाळकरी मुलांची एक मालिका स्टुडिओत आली. ज्या कंपनीची ती होती त्यांनी एक चटपटीत मुलगी देखरेखीला पाठवली होती. तिचं प्रत्येक वाक्य 'मॅम, फीडबॅक असा आहे की'पासून सुरू व्हायचं, म्हणून तिच्या माघारी सगळे तिला फीडबॅकच म्हणत. पहिला भाग तिने परत पाठवला.

"मॅम, फीडबॅक असा आहे की ही मुलं खूप छान बोलतात."

"मग?"

"मग तोच तर प्रॉब्लेम आहे ना."

रेकॉर्डिस्टने कागद उचलून नायिकेचं वाक्य मोठ्याने वाचलं. "'तुझ्या या वागण्याचं मला अतिशय आश्चर्य वाटतं.' बाई, पंधरा वर्षांची पोरगी रुसली तर असं बोलेल? ही रुसलेली नाही, हिने तक्रार अर्ज दिलाय."

बाई हसल्या, पण घरी जाताना त्यांना हसू येत नव्हतं. दुसरा भागही असाच झाला तर मालिका दुसऱ्या स्टुडिओत जाईल, असं फीडबॅकने गोड शब्दांत सांगितलं होतं. राजे, इन्स्पेक्टर, सासवा, भुतं, सगळ्यांना बाईंनी बोलतं केलं होतं. शाळकरी पोरांपुढे त्या अडल्या.

संध्याकाळी त्यांनी भाचीशी सौदा केला. निबंध मी तपासते, भाषा तू शिकव.

"मावशी, तू स्लँग शिकणार? थांब, हे मी स्टेटसला टाकते."

"टाकलंस तर आजचं जेवण तुझं तू कर."

"ओके ओके. चिल. पहिला नियम." भाची मांडी घालून बसली. "मेसेजमध्ये पूर्णविराम द्यायचा नाही. पूर्णविराम दिला म्हणजे माणूस चिडलाय."

"काहीतरीच."

"अगं, तू मला 'ठीक.' असं लिहितेस. ठीक, आणि पुढे टिंब! पहिला महिनाभर मला वाटायचं, ही आता मला घराबाहेर काढते."

बाईंनी स्वतःचे जुने मेसेज उघडून बघितले. सगळीकडे टिंबं होती, शाळेत शिकवलं तशी.

"दुसरा नियम. शब्दाला एक्स्पायरी असते. मोठ्या माणसांनी म्हटला की संपला. आमच्या सरांनी एकदा वर्गात 'व्हाइब' म्हटलं. इतकं क्रिंज! त्या दिवसापासून कुणी म्हणत नाही. शब्द गेला बिचारा."

"म्हणजे मी जे जे शिकेन ते सगळं मरणार?"

"तू म्हणू नकोस ना. लिही फक्त. म्हणू दे त्या पोरांना."

बाई शिकल्या. मन लावून शिकल्या, त्यांना दुसरं काही जमतच नव्हतं. कुठे वाक्य अर्धं सोडायचं, कुठे एकाच शब्दावर भागवायचं, कुठला शब्द मुलीच वापरतात, कुठल्या शब्दाने मुलगे एकमेकांना हाक मारतात. जेवायला बसलं की भाची बोलायची आणि बाई तिच्या ओठांकडे बघायच्या. दुसरा भाग फीडबॅकने हसत हसत मंजूर केला.

अशाच एका संध्याकाळी जेवता जेवता भाचीचा फोन वाजला. तिने घास ताटात टाकला आणि उष्ट्या हाताने, कोपराने फोन धरून, भराभर काहीतरी पाठवत सुटली. टोपी घातलेली बकरी. पाय घसरून पडणारं मांजर. स्वतःचाच वेडावाकडा फोटो.

"काय गं, आग लागली का कुठे?"

"कुकर," भाची म्हणाली.

बाईंनी गॅसकडे बघितलं.

"तो नाही. आमचा शब्द आहे." ती पाठवत राहिली आणि बोलत राहिली. तिच्या ग्रुपमध्ये चौघी होत्या. त्यांच्यातली उंच मुलगी एकदा जेवणाच्या टेबलाशी अडकली होती. आईवडील समोरासमोर, भांडण तिच्या डोक्यावरून चाललेलं. तिने टेबलाखालून ग्रुपवर लिहिलं होतं, 'इथे कुकर लागलाय, तिसऱ्या शिट्टीला मी फुटणार.' तेव्हापासून नियम. कुणी 'कुकर' लिहिलं की बाकीच्या तिघींनी हातातलं काम टाकायचं आणि मूर्खासारखं काहीबाही पाठवत राहायचं. काय झालं, कशामुळे झालं, विचारायचं नाही. बरं वाटतंय का, तेही विचारायचं नाही. नुसतं पाठवत राहायचं, समोरून हसण्याचं चिन्ह येईपर्यंत.

"विचारत का नाही?"

"विचारलं की रडू येतं ना, मावशी." भाचीला हे इतकं उघड वाटत होतं की तिने वर बघितलंही नाही. मग बघितलं. "हे ग्रुपच्या बाहेर नाही हं. तुझ्या मालिकेत तर बिलकूल नाही. तुला सांगितलं, कारण तू म्हणजे घरातली आहेस."

"वेडी आहेस का? मी कशाला?" बाई म्हणाल्या. म्हणाल्या तेव्हा ते खरंच होतं.

सहाव्या भागात एक प्रसंग आला. नायिका जेवणाच्या टेबलाशी. दोन्ही बाजूंना आई आणि वडील, दोघांचे चेहरे अर्धे कापलेले. नायिकेच्या हातात फोन, पलीकडे मैत्रीण. कॅमेरा हळूहळू तिच्या तोंडाशी येतो, इतका जवळ की पडद्यावर ओठांशिवाय काही उरत नाही. आणि ती एकच शब्द कुजबुजते. छोटासा. ओठ आधी गोल होतात, मग उघडतात. मिटत कुठेच नाहीत.

बाईंनी दिवसभर तो प्रसंग बघितला. 'पुरे' होत नव्हतं, सुरुवातीलाच ओठ मिटतात. 'बास' तसंच. 'थांब' शेवटी मिटतं. 'नको' बरोबर उलटं. आधी उघडे, मग गोल. 'रडू'चंही तेच. त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या, पुटपुटत राहिल्या, आणि त्यांच्या ओठांनी आपणहून तो शब्द केला. कु. कर. गोल, मग उघडे. मूळ भाषेत जणू तोच शब्द होता.

त्यांनी कागदावर लिहिला. 'तात्पुरता' असं मनाशी म्हटलं. उद्या दुसरा शोधू.

दुसऱ्या दिवशी आवाज देणारी मुलगी माइकसमोर उभी राहिली. बाईंनी तिला काचेपलीकडून सांगितलं, "हा शब्द म्हणजे तिचा गळा दाटलाय. रडायचं नाहीये तिला." मुलीने मान हलवली आणि कुजबुजली, "कुकर." रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "बाई, एवढ्या वर्षांत असा बसलेला शब्द बघितला नाही मी."

तिथेच थांबवायला हवं होतं, हे बाईंना कळत होतं. 'अजून एक टेक घेऊ, शब्द बदलते,' एवढं म्हणायचं होतं. पण पडद्यावर ते ओठ पुन्हा एकदा फिरले, त्यांच्यावर तो शब्द पुन्हा एकदा बसला, आणि इतकं नेमकं बसलेलं काही आपल्या हाताने उखडायचं बाईंना जमलं नाही. कोणाला कळणार आहे, असंही मनात आलं. कोण बघतंय एवढं.

सगळ्यांनी बघितलं. तो प्रसंग तुकडा करून लोकांनी एकमेकांना पाठवला. मग त्यावर विनोद आले, शिट्टी वाजवणाऱ्या कुकरची चित्रं आली. लिफ्ट बंद पडली, कुकर. पेपर अवघड गेला, कुकर. कुणाचा चहा सांडला, कुकर. दुधाच्या पिशव्यांची जाहिरात करणाऱ्यांनीसुद्धा तो शब्द उचलला. फीडबॅक मिठाईचा पुडा घेऊन स्टुडिओत आली.

भाची त्या दिवशी दुपारीच घरी आली. बाई घरी होत्या. तिने पिशवी खाली ठेवली, चपला जागेवर ठेवल्या. एरवी तिच्या चपला कधीच जागेवर नसायच्या.

"मावशी, तुम्हाला एक विचारू?"

हे 'तुम्हाला' त्या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

"तो शब्द तुम्ही घातलात?"

"अगं, ओठ बसत नव्हते. दुसरं काही केल्या..."

"हो. समजलं."

"मी बदलणार होते..."

"तुमचं काम आहे ते. तुमची काही चूक नाही." ती आत गेली. दार आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. तिने ते आवाज न करता लावलं.

त्यानंतर भाची घरात शुद्ध मराठी बोलू लागली. "मला उशीर होईल, वाट पाहू नका." "जेवण उत्तम झालं आहे." कुठे अडलेला शब्द नाही, कुठे अर्धं वाक्य नाही, एक इंग्रजी अक्षर नाही. फोनवर बाईंनी विचारलं, 'संध्याकाळी काय करू जेवायला' आणि आठवणीने पूर्णविराम दिला नाही. उत्तर आलं, 'काहीही चालेल.' पुढे टिंब होतं.

खरं काय झालं ते बाईंना बहिणीच्या फोनवरून कळलं.

"ताई, काय केलंस गं पोरीचं?"

"काय म्हणाली ती?"

"रडत होती. ती उंच मैत्रीण आहे ना तिची, तिने तो तुझा सीन घरात बघितला. आईवडलांच्या मध्ये बसून. वडील हसले म्हणे त्या शब्दावर. तिने ग्रुप सोडला, हिच्याशी बोलणं सोडलं. म्हणे, माझं घर तू विकलंस. आता वर्गात कुणी नुसता उसासा टाकला तरी मागून पोरं शिट्ट्या वाजवतात."

"मी माफी मागते त्या मुलीची."

"तू मध्ये पडू नकोस, ताई. तू मध्ये पडलीस म्हणून तर झालं हे सगळं."

बाईंनी फोन ठेवला. बहिणीचं बरोबर होतं.

काही दिवसांनी टेबलावर नवा निबंध दिसला, 'माझी गल्ली'च, पुन्हा लिहिलेला. कोपऱ्यात प्राध्यापकांनी 'उत्तम सुधारणा' लिहिलं होतं. बाईंनी तो वाचला. एकही चूक नव्हती. ते दिव्यांचं वाक्य त्यांनी शोधलं. तिथे आता होतं, 'सायंकाळी गल्लीतील पथदिवे प्रकाशित होतात.' पुढची ओळ वाचायच्या ऐवजी त्यांनी कागद होता तसा ठेवला. लाल पेन हातातच राहिलं. खोडण्यासारखं काही नव्हतंच. निबंध होता, पण त्या गल्लीत कुणी राहत नव्हतं.

स्टुडिओत फीडबॅक वाट बघत होती.

"मॅम, फीडबॅक असा आहे की आता कुकर हवाच. प्रत्येक भागात. लोक वाट बघतात."

"प्रत्येक भागात तसे ओठ नाहीत तिचे," बाई म्हणाल्या.

"मग दुसऱ्या कुणाच्या तोंडी घाला ना. कुणाच्याही. मला फक्त तो शब्द ऐकू आला पाहिजे."

कुणाच्याही. बाईंनी पुढचा भाग लावला आणि आवाज बंद केला. वर्गात मुलं दंगा करतायत. दार उघडतं. मुख्याध्यापक आत येतात. पोट पुढे, काखेत छडी, आणि नाकाखाली झाडूएवढी मिशी. बाईंनी चित्र थांबवलं. मिशी पडद्यावर तशीच थांबली.

त्यांना भाचीचा दुसरा नियम आठवला. मोठ्या माणसांनी म्हटला की शब्द संपला.

त्यांनी त्या भागात मुख्याध्यापकांची सगळी वाक्यं पुन्हा लिहायला घेतली. मूळ भाषेत ते 'शांत बसा' म्हणत होते. बाईंनी लिहिलं, 'काय रे पोरांनो, कुकर झाला का तुमचा?' मूळ भाषेत ते शिपायाला पाणी मागत होते. बाईंनी लिहिलं, 'अहो, पाणी आणा, फुल कुकर झालाय इथे!' आणि वार्षिक समारंभाच्या भाषणात, फुलांच्या गुच्छामागे, पालकांसमोर, 'विद्यार्थीमित्रहो, आजच्या तरुणाईच्या भाषेत सांगायचं तर, माझा आज कुकर आहे.' शेवटी ते स्वतःच हसतात, तिथे मिशी हलते. त्या हलण्याचाही उपयोग बाईंनी करून घेतला. शिट्टीचा आवाज घातला.

मुख्याध्यापकांना आवाज देणारे गृहस्थ भारदस्त घशाचे होते. आयुष्यभर त्यांनी राजांना आणि न्यायाधीशांना आवाज दिला होता. त्यांनी "माझा आज कुकर आहे" असं म्हटलं तेव्हा बाहेर चहा घेऊन आलेला माणूस कसनुसा झाला. फीडबॅकने टाळ्या पिटल्या. "सो क्यूट, मॅम! आता आईबाबा पण म्हणतील!"

"म्हणू देत," बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर रेकॉर्डिस्ट बराच वेळ बटणांवर उगाच बोटं फिरवत बसला.

"बाई, एक विचारू? एवढा बसलेला शब्द होता. तुम्ही त्याला निवृत्त करताय."

"शेवटचं वाक्य जरा हळू झालंय," बाई म्हणाल्या. "पुन्हा घेऊ या. अजून थोडं काकांसारखं हवं."

शब्द एका दिवसात मरत नाही. आधी तो आईबाबांनी उचलला. मग सोसायटीच्या सूचना फलकावर आला, 'पाण्याचा कुकर होऊ देऊ नका, नळ बंद ठेवा.' मग कुठल्यातरी पुढाऱ्याने भाषणात वापरला आणि समोरच्यांनी कर्तव्य म्हणून टाळ्या वाजवल्या. आणि एका सकाळी बसमध्ये बाईंच्या पुढच्या सीटवर दोन मुलगे बसले होते. एकाने फोनकडे बघत 'कुकर' म्हटलं. दुसऱ्याने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू त्याच्या अंगाला वास येतोय. "अजून कुकर म्हणतोस? भावा, तू काका झालास." पहिला मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. बाई आपल्या थांब्याच्या एक थांबा पुढे उतरल्या आणि चालत मागे आल्या.

मालिकेचा दुसरा हंगाम त्यांच्याकडे आला नाही. फीडबॅक असा होता की भाषा जरा जुनी वाटते.

घरात काही बदललं नाही. वाक्यं पूर्ण, चपला जागेवर. फक्त एका संध्याकाळी जेवताना भाचीने ताटाकडे बघत विचारलं, "तो मिशीवाला. मूळ भाषेत काय म्हणत होता?"

"कुठे?"

"भाषणात."

"पाहुण्यांचे आभार मानत होता," बाई म्हणाल्या.

भाचीने मान वर केली. बाईंनी पहिल्यांदाच ओठांकडे न बघता तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ते फार वेळ जमलं नाही, सवय नव्हती.

"दुसरा सीझन कधी आहे तुमचा?"

"तो मिळाला नाही."

भाची ताट उचलून आत गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी बाई बाजारात होत्या तेव्हा मेसेज आला, 'आम्ही चौघी घरी बसतोय चालेल ना'. बाईंनी तो दोनदा वाचला. चौघी, म्हणजे ती उंच मुलगीही. शेवट तपासला. टिंब नव्हतं. त्यांनी 'हो' लिहिलं आणि बोट आपोआप पूर्णविरामाकडे गेलं तिथून मागे घेतलं.

बाई घरी आल्या तेव्हा चौघी बाल्कनीत होत्या, काचेचं दार ओढून घेतलेलं. उंच मुलगी कठड्याला टेकून उभी होती. तिने बाईंना बघितलं, ओळखलं, आणि नजर काढून घेतली. बाईंनीही नुसतं आत जाऊन भाजी ओट्यावर ठेवली. स्वयंपाकघरातून ते काचेचं दार सरळ दिसायचं. आवाज येत नव्हता. चौघींची तोंडं हलत होती. आवाज बंद केलेला पडदा असावा तशी, बाईंच्या रोजच्या कामासारखी.

मग उंच मुलीने काहीतरी सांगितलं आणि तिचा चेहरा आखडला. भाची पुढे झाली, मैत्रिणीच्या खांद्याला हात लावला आणि एक शब्द म्हणाली. नवीन होता. ओठ आधी मिटले...

बाईंनी पाठ वळवली. दुसरं अक्षर त्यांच्या डोळ्यांच्या कडेला येऊन थांबलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. आधी भिंतीकडे बघितलं. मग भिंतीकडेच तोंड ठेवून, आडव्या चालीने, बाल्कनीच्या दारापर्यंत गेल्या आणि हाताने चाचपत पडदा ओढला. पडद्याची कडी मध्येच अडकली. त्यांनी डोळे मिटून ती झटक्याने सोडवली.

ओट्याशी येऊन त्या भाजी निवडत बसल्या. बऱ्याच वेळाने काचेचं दार सरकलं. पडदा बाजूला झाला नाही. भाची त्याच्या कडेने आत आली. पडद्याकडे एकदा बघितलं, मावशीकडे एकदा.

"मावशी."

"काय गं?"

"चहा टाकतेस? चौघींना. डोक्याला शॉट झालाय नुसता."

"आलं घालू?"

"घाल ना यार," भाची म्हणाली, आणि जाताना तिच्या चपला आडव्यातिडव्या दारातच राहिल्या.